खिळ्यांचा डबा

तिसऱ्या दिवशीही आत्या उंबऱ्याबाहेरच बसली.

बसली म्हणजे अगदी थाटात बसली. येताना तिनं स्वतःची घडीची खुर्ची आणली होती. ती छापखान्याच्या पायरीवर टाकून, पाठ ताठ करून, पिशवी मांडीवर घेऊन ती आत बघत राहिली. आत म्हणजे तिच्या नाकापासून हातभर अंतरावर. एकतीस वर्षं तिनं हा उंबरा ओलांडला नव्हता, आणि एका सहीसाठी ती आज तो ओलांडेल असं ज्याला वाटत असेल त्यानं तिला ओळखलंच नव्हतं. म्हणून मग काका आणि बाबा आतून स्टुलं ओढत दारापर्यंत आले होते. घराण्याची सगळ्यात मोठी बैठक अशी निम्मी फुटपाथवर आणि निम्मी आत चालली होती. येणारे-जाणारे आत्याला वळसा घालून जात. पोस्टमननं तर पत्रं सरळ तिच्याच हातात दिली. तिनं ती न बघता आत सरकवली.

मात्रा पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी आली आणि तिचा अंगठा धोंड्याला आपटला.

आज दुसऱ्यांदा. हा धोंडा म्हणजे दार उघडं राहावं म्हणून लावलेला हिरवा चौकोनी ठोकळा. छापखान्याचं दार जड होतं आणि त्याला स्वतःहून मिटायची खोड होती. धोंडा नसेल तर ते धाडकन बंद व्हायचं. दर चार वर्षांनी दाराला रंग लागे, तेव्हा उरलेल्या रंगाचा एक हात धोंड्यालाही बसे. घरात असा एक माणूस नव्हता ज्याच्या पायाच्या अंगठ्याची आणि त्याची ओळख नव्हती.

"लागलं का गं?" आत्यानं विचारलं.

"सवय आहे," मात्रा म्हणाली आणि एका पायावर नाचत तांब्या ठेवला.

ती पंधरा वर्षांची होती. कालपर्यंत मोठ्यांच्या बैठकीत तिचं काम पाणी देण्याचं होतं. पण आज सकाळपासून ती चारदा घड्याळ बघून आली होती, आणि ते भीतीनं नव्हे एवढं तिला पक्कं कळत होतं. आज चार वाजता प्रकाशनवाल्या बाई येणार होत्या. त्याच्या आत काहीतरी होणार, आणि ते आपल्यासमोर होणार.

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. छापखान्यात वाढलेल्या पोरांना बाबांनी आपल्या मनासारखी नावं ठेवली होती. थोरला भाऊ उंच आणि सरळसोट, म्हणून काना. ही जन्मली तीच डोक्यावर केसांचा एक तिरका झुपका घेऊन, म्हणून मात्रा. आणि आठ वर्षांची धाकटी बहीण, जी कुठेही मावायची आणि कुठूनही निघायची, ती टिंब. तिघं एकत्र दिसली की बाबा म्हणायचे, आलं आमचं काना-मात्रा, आता मजकुरात फरक पडणार.

फरक पडायला हवाच होता. कारण मजकूर अडला होता तो एका पानावर.

आजोबांनी मुलांसाठी बारा पुस्तकं लिहिली, स्वतःच्या हातानं अक्षर अक्षर लावून जुळवली आणि इथंच छापली. 'तीन कंदील' मालिका. तीन भावंडं, थोरला, मधला आणि धाकटी, हातात एकेक कंदील घेऊन हरवलेल्या वस्तू आणि माणसं शोधत फिरतात. ही तिघं कोण ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. थोरला म्हणजे काका, जे मोठे होऊन मुद्रितं तपासू लागले आणि ज्यांच्या कानावर अजूनही लाल पेन्सिल असे. मधला म्हणजे बाबा, जे पुस्तकातही आणि घरातही भांडण लागलं की आधी चहा करू म्हणत. आणि धाकटी म्हणजे आत्या. पुस्तकातल्या धाकटीचा एक प्रश्न ठरलेला असे. कुठलीही चिठ्ठी सापडली की दोघे भाऊ तिच्यात काय लिहिलंय यावर डोकं फोडायचे, आणि ही विचारायची, "आधी हे सांगा, ही कुणासाठी लिहिलीय?"

बारावं पुस्तक होतं 'बोगद्यातली शिट्टी'. ते अर्ध्यावर असताना एकवीस वर्षांच्या आत्यानं छापखान्यात अक्षरांचे लाकडी घोडे, म्हणजे मांडण्या, आणि त्यांतले खण बनवायला येणाऱ्या सुताराशी लग्न केलं. कुणाला न सांगता. आजोबांनी त्या सुताराला सांगितलं, पुन्हा इथं पाऊल टाकू नकोस. मुलीला काही सांगितलंच नाही. फक्त पुस्तकात, पान एकशे सत्तावीसवर, धाकटी बोगद्यात एकटी शिरली आणि तिचा कंदील विझला. पान एकशे अठ्ठावीस कोरं. दुकानांना तारीख दिलेली होती, म्हणून पुस्तक तसंच गेलं. पोरांची पोतंभर पत्रं आली, धाकटी सापडली का म्हणून. आजोबांनी एकालाही उत्तर दिलं नाही. सात महिन्यांनी ते गेले.

आत्यानं ते पुस्तक विकत घेऊन वाचलं होतं. बापानं मला अंधारात सोडलं आणि पान उलटलं, एवढंच ती म्हणाली होती, तेही एकदाच.

आता प्रकाशनवाल्या बाई बाराच्या बारा पुस्तकं पुन्हा काढणार होत्या. त्यासाठी तिन्ही भावंडांची सही हवी होती आणि एकशे अठ्ठाविसावं पान हवं होतं. ते पान काकांनी स्वतः लिहिलं होतं, आणि एका पानाची त्यांनी नऊ केली होती.

काकांनी घसा साफ करून वाचायला घेतलं. थोरल्यानं बोगद्यात उडी घेतली, थोरल्यानं दगड हटवले, थोरल्याच्या कपाळावर घाम आला. पहिली सहा पानं थोरल्याच्या घामातच गेली. सातव्यावर धाकटी सापडली.

"'दादा, माझे चुकले,' धाकटी हुंदके देत म्हणाली," काकांनी वाचलं, आणि वर न बघताच त्यांना कळलं की आता वर बघू नये.

"पुन्हा वाच," आत्या म्हणाली.

"धाकटे, ही गोष्ट आहे."

"तेच म्हणते. अकरा पुस्तकांत मी एकदा तरी रडले का? नवव्यात तू विहिरीत अडकलास तेव्हा दोर कुणी सोडला? तेव्हा हुंदके कोण देत होतं दादा, विहीर?"

बाबा चहाचं बघतो म्हणून उठले. आत्यानं त्यांना डोळ्यांनीच खाली बसवलं. मग दोघं भाऊ-बहीण जे सुरू झाले ते बाबांच्या डोक्यावरून. काकांचं म्हणणं, मुलांच्या पुस्तकाला शेवट लागतोच, आणि तो गोड लागतो. आत्याचं म्हणणं, मग पान कोरंच छापा, निदान खोटं तरी नाही. बाबा आधी काकांच्या बाजूचे होते, विहिरीच्या मुद्द्यावर आत्याकडे गेले, आणि प्रकाशनवाल्या बाईंचं नाव निघाल्यावर परत आले.

"तू तर छपाईच्या रुळासारखा आहेस," आत्या त्यांना म्हणाली. "इकडून तिकडे, आणि दोन्हीकडे शाई."

मात्रानं हळूच मागं सरून आत उभ्या असलेल्या कानाची बाही ओढली. टिंब आधीच गायब होती.

छापखाना बंद होत होता आणि निम्मा रिकामाही झाला होता. मोठं यंत्र काल गेलं, त्याच्या जागी जमिनीवर तेलाचा काळा चौकोन राहिला होता. उरलं होतं मधलं दगडी टेबल, प्रूफ काढायचा छोटा हातप्रेस आणि भिंतीला लावलेले खिळ्यांचे घोडे. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. मात्राला हा शब्द शाळेत गेल्यावर पहिल्यांदा नडला होता. बाईंनी विचारलं, खिळे कशाला लागतात, आणि हिनं हात वर करून सांगितलं, पुस्तकं करायला. वर्ग हसला. भिंतीत ठोकायच्या त्या टोकदार वस्तूलाही खिळाच म्हणतात, हे त्या दिवशी तिला कळलं. तोवर घरात त्या 'चुका' होत्या. बाबांनी मुद्दाम तसं शिकवलेलं.

"आजोबांनी शेवट लिहिलाच नाही, असं नसेल," ती कानाला म्हणाली. "सात महिने होते त्यांच्याकडे. जो माणूस रोज आठ पानं जुळवायचा तो सात महिने एका पानासमोर गप्प बसेल?"

"पुरावा?" काना म्हणाला. तो सतरा वर्षांचा होता आणि हल्ली प्रत्येक गोष्टीला पुरावा मागत होता, अगदी भूक लागल्याचासुद्धा.

पुरावा टेबलाखालून आला. टिंब रांगत बाहेर निघाली, गुडघे काळे, आणि हातात काकांचा जाडजूड शब्दकोश. काकांनी तो स्वतःच्या पिशवीत आधीच भरून ठेवला होता. ही त्याच्यात 'टिंब' शब्द शोधत होती.

"यात कागद आहे," ती म्हणाली. "ट च्या आधी. पण काकांच्या अक्षरात नाही."

प्रूफाच्या कागदाची एक अरुंद पट्टी होती, पिवळी पडलेली. मागच्या कोऱ्या बाजूला शिसपेन्सिलीनं तीन ओळी. मात्रानं त्या दोनदा वाचल्या. "काकांच्या शब्दकोशात होती," असं म्हणत ती निघाली. सरळ दाराशी गेली, दोन स्टुलांच्या मधून हात घालून पट्टी आत्याच्या मांडीवर ठेवली.

काकांनी ती पाहिली. त्यांचा हात पेन्सिलीकडे गेला आणि तिथंच राहिला.

आत्यानं मोठ्यानं वाचलं. "शेवटचे पान खिळ्यांच्या डब्यात ठेवले आहे. न्यायला येईल त्याच्या हाती द्यावे. सोबत निरोप नको, पान पुरे." मग तिनं बापाच्या त्या अक्षरावरून बोट फिरवलं. "हे कधीचं दादा?"

काकांनी सांगितलं. हळूहळू सांगितलं, कारण एकतीस वर्षं न बोललेलं एकदम निघत नाही. आजोबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी एक तातडीचं काम आलं होतं. खिळे कमी पडत होते. फळीवर बांधून ठेवलेली जेवढी पानं होती तेवढी काकांनी सोडली, अक्षरं सुटी करून परत खणांत टाकली. कुठली पानं होती तेही पाहिलं नाही. चौथ्या दिवशी मेजाच्या खणात ही पट्टी मिळाली.

"मी एकूण एक घोडा उपसला," ते म्हणाले. "शेवट यातच आहे धाकटे. फक्त सुटा झालाय. क कात गेला, म मात गेला. माझ्याच हातानं." त्यांनी नऊ पानं उलटी करून मांडीवर ठेवली. "म्हणून मी लिहायला बसलो. मोडला मी, तर जोडायचाही मीच."

बाबा इतके चिडलेले मात्रानं कधी पाहिले नव्हते. ते चहाचं नावसुद्धा काढेनात. निदान मला तरी सांगायचंस, असं म्हणून ते उठले, तेलाच्या काळ्या चौकोनात जाऊन उभे राहिले, परत आले. नवल म्हणजे आत्या चिडली नाही. तिनं काकांकडे असं पाहिलं जणू विहिरीतून नुकतंच कुणीतरी वर आलंय.

"म्हणजे त्यांनी लिहिलं होतं," ती म्हणाली.

"लिहिलं होतं. काय, ते मला विचारू नकोस."

झालं, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. मात्राच्या नव्हतं. तिच्या डोक्यात एक शब्द अडकला होता, दाढेत अडकतं तसा. तिनं एकदा घोड्यांकडे पाहिलं, एकदा पट्टीकडे.

"ही कुणासाठी लिहिलीय?" तिनं विचारलं.

आत्यानं मान वर केली. तो प्रश्न तिचा होता.

"आपल्यासाठी, आणखी कुणासाठी," बाबा म्हणाले.

"मग डबा का म्हटलंय?" मात्राचा आवाज जरा चढला, पण तिनं तो चढू दिला. "बाबा, खिळे कशात असतात?"

"घोड्यात. खणात."

"डब्यात?"

"डब्यात शाई असते," टिंब म्हणाली. तिला पाचव्या वर्षापासून माहीत होतं.

"आजारी माणसाचं लिहिणं," काका म्हणाले. "मला वाटलं, गडबडीत म्हणाले असतील."

"काका, आजोबा काना-मात्रेची चूक करत नसत, तुम्हीच सांगता. ते अख्खा शब्द चुकतील? आणि बांधलेलं पान खणात कोण ठेवतं? खणात सुटी अक्षरं असतात. बांधलेलं पान फळीवर असतं. ही चिठ्ठी आपल्या बोलीत नाहीच आहे. ही दुसऱ्या कुणाच्या तरी बोलीत आहे. खिळ्यांचा डबा कोण म्हणतं?"

रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर वर्तमानपत्राचं पान उलटलं. तिथं आपल्या टेंपोला टेकून आतोबा उभे होते. आत्याचे यजमान. तीन दिवस ते तिला आणून सोडत, आणि रस्त्याच्या पलीकडे थांबून पेपर वाचत. त्यांना पाऊल टाकू नकोस सांगितलं होतं. ते त्यांनी एकतीस वर्षं इतकं काटेकोर पाळलं होतं की अलीकडच्या फुटपाथवरही ते येत नसत.

"सुतार," काका म्हणाले. पुटपुटलेच.

टिंब धावत सुटली.

आतोबा आले ते पायरीखाली थांबले. पेपरची घडी करून बगलेत मारली. मात्रानं विचारलं, तुमचा खिळ्यांचा डबा असतो का.

"असतो की. आत्ताही टेंपोत आहे."

"आणि तेव्हाचा? इथं काम करत होता तेव्हाचा?"

"तो इथंच राहिला." ते जरा ओशाळले. "त्या दिवशी हत्यारं उचलली, डबा घोड्यावर राहून गेला. हिनं दोनदा सांगितलं, जाऊन घेऊन ये. मी म्हटलं, चार खिळ्यांसाठी त्यांच्यासमोर कुठं जायचं. पत्र्याचा होता, चौकोनी. साधारण एवढा." त्यांनी दोन्ही हात हवेत धरले, आणि मापाची सवय असलेल्या माणसाची नजर आपोआप तेवढं माप शोधत खाली आली. उंबऱ्यापाशी थांबली. "हा काय. हाच."

सगळ्यांनी धोंड्याकडे पाहिलं.

मग सगळ्यांनी एकमेकांच्या अंगठ्यांकडे पाहिलं.

"हा धोंडा आहे," बाबा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. नंतर त्यांना आठवत गेलं. घोडे रंगवताना वरचा डबा कुणीतरी खाली ठेवला, जड आहे म्हणून दाराला लावला, त्याच्यावर रंगाचा हात फिरला. धोंडा हे नावही त्यांनीच ठेवलं होतं, आणि एकदा धोंडा म्हटल्यावर त्यात कोण डोकावणार?

आतोबांनी तो उचलला आणि लगेच खाली ठेवला. "माझ्या खिळ्यांचं वजन मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "यात दुप्पट आहे."

टिंब पाठ लावून दार अडवून उभी राहिली. आतोबांनी टेंपोतून पटाशी आणि पत्रा कापायची कात्री आणली, पायरीवर बसून झाकणाच्या कडेचे रंगाचे सात-आठ थर खरवडले. हिरवा, हिरवा, मध्येच एक निळा, परत हिरवा. झाकण उघडलं. आत वरच्या वर गंजलेले खिळे होते. साधे, टोकदार, भिंतीत ठोकायचे. त्यांनी ते मुठीमुठीनं बाहेर काढले. खाली तेलकट कागदाची पुडी होती, घट्ट बसलेली. कागद हाताला लागताच चुरा होऊन बाजूला झाला, आणि पायरीवरच्या उन्हात शिशाचं पान लखलखलं.

काकांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो शब्द नव्हता.

"हात लावू नका," आत्या म्हणाली.

कारण पानाभोवतीचा दोरा कुजला होता. बांधलेलं पान म्हणजे हजारभर सुटी अक्षरं, एका दोऱ्याच्या जिवावर उभी. दोरा गेला की शब्दांचा ढिगारा. टेबल वीस पावलांवर, आणि एक खिळा निसटला तर मागोमाग सगळे. काका हात पुढं करायला गेले, पण ते त्यांनी स्वतःच मागं घेतले. पुन्हा मोडायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं. बाबांनी आपल्या जाड बोटांकडे पाहून मान हलवली.

आत्या खुर्चीतून उठली. कधीकाळी ती या छापखान्यातली सगळ्यात चलाख जुळारी होती, आणि आता लाकडाच्या पाट्यांवर नावं कोरायची. बोटं तीच होती.

"पाणी," ती म्हणाली. "ओले खिळे एकमेकांना धरून राहतात."

मात्रानं तांब्या दिला. आत्यानं चार बोटांनी पाण्याचे थेंब पानावर सोडले, अगदी झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर सोडावेत तसे. आतोबांनी डब्याचे चारी कोपरे कात्रीनं कापून भिंती खाली पाडल्या. आत्यानं दोन्ही तळवे पानाच्या कडांना लावले, दाबले, श्वास धरला आणि उचललं. आतोबांनी न सांगता खाली ओंजळ धरली. आणि अशी ती दोघं निघाली, तिचे तळवे, त्यांची ओंजळ, चार पाय एकाच तालात. उंबरा आला तेव्हा तिची नजर पानावर होती. तिनं तो ओलांडला. मागोमाग त्यांनीही.

मात्रानं दात ओठात रोवले. आत्ता कुणी एक शब्द बोललं असतं तर तिनं त्याला चावा घेतला असता.

खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात, आणि तिला उलटं वाचता येत होतं. सरळ वाचायच्या आधी ती उलटं वाचायला शिकली होती. पान तिच्या डोळ्यांसमोरून दीड हातावरून गेलं. तिनं मान वळवून कानाच्या शर्टाच्या बटणांकडे पाहिलं आणि ती मोजत राहिली. पहिलं वाचणं तिचं नव्हतं. पण बटणांच्या आडून तिला दिसलं की चालता चालता आत्याचे ओठ हलत होते, आणि अकराव्या पावलाला ते थांबले.

पान दगडी टेबलावर टेकलं. एकही खिळा पडला नाही. टिंब दार सोडून धावत आली, आणि मागं दार धाडकन मिटलं. कुणी वळूनही पाहिलं नाही.

बाबांनी नवा दोरा बांधला, शाईच्या डब्यावरची साय फोडली. रूळ फिरवायच्या आधी तो पुसायला कागद लागत होता. काकांनी मांडीवरची नऊ पानं त्यांच्या हातात दिली. "ही चालतील," ते म्हणाले. थोरल्याच्या घामासकट ती काळी झाली. मग हातप्रेसचा दांडा खाली आला आणि वर गेला, आणि बाबांनी ओला कागद दोन कोपऱ्यांना धरून सोलला.

आत्यानं तो घेतला नाही. "दादा वाचेल," ती म्हणाली. "मुद्रित तोच वाचतो."

काकांची मुद्रित वाचायची जन्माची एक रीत होती. एकेक चिन्ह उच्चारून. दुसरी रीत त्यांना येतच नव्हती.

"कंदील विझला स्वल्पविराम पण धाकटी थांबली नाही पूर्णविराम," त्यांनी सुरुवात केली. "भिंतीला हात लावून ती चालत राहिली पूर्णविराम. बोगद्याला दोन तोंडे असतात स्वल्पविराम एवढे तिला माहीत होते पूर्णविराम. पलीकडच्या तोंडाशी ऊन होते पूर्णविराम. ती बाहेर आली स्वल्पविराम डोळे चोळले आणि आपल्या वाटेला लागली पूर्णविराम."

कानानं या वेळी पुरावा मागितला नाही. टिंबनं मात्राचा हात धरला होता आणि मात्राला वाटत होतं की आपण आत्ता इथंच फुटू, फटाक्यासारखे.

"परिच्छेद," काका म्हणाले. "इकडच्या तोंडाशी कंदील धरून सगळे उभे होते पूर्णविराम. हाका मारत होते पूर्णविराम. धाकटी हरवली स्वल्पविराम असे एकमेकांना सांगत होते पूर्णविराम. धाकटी हरवली नव्हती." त्यांना पूर्णविराम म्हणायला जरा वेळ लागला. मग शेवटची ओळ. "आम्ही चुकीच्या तोंडाशी उभे होतो."

ते थांबले. बारा पुस्तकांत, दीड हजार पानांत, आजोबांनी गोष्टीत 'आम्ही' कधी लिहिलं नव्हतं. सगळीकडे 'ते' होतं. इथंही 'ते'च हवं. चाळीस वर्षांच्या सवयीनं काकांची लाल पेन्सिल कानावरून उतरली आणि त्या शब्दावर जाऊन टेकली.

"चूक आहे का दादा?" आत्यानं विचारलं.

काकांनी पेन्सिलीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, तिच्या शेजारी काळी ओंजळ घेऊन उभ्या असलेल्या सुताराकडे पाहिलं.

"एकही नाही," ते म्हणाले, आणि पेन्सिल खिशात घातली. मात्राच्या आठवणीत ती पहिल्यांदाच कानावर गेली नाही.

आत्यानं मग कागद घेतला. कोरडा व्हायच्या आधीच घेतला, त्यामुळे शेवटच्या ओळीच्या कडेला तिच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. बाबा म्हणाले, आता तरी चहा करू का. आत्या हसली. ते हसणं तसं साधंच होतं, पण बाबा आणि काका दोघंही त्याच्याकडे एखादं हरवलेलं पुस्तक मिळाल्यासारखे बघत राहिले.

तेवढ्यात दारावर थाप पडली. चार वाजले होते.

प्रकाशनवाल्या बाई गेल्या दोन दिवसांत दार उघडंच बघत आल्या होत्या, त्यामुळे बाहेर त्या गोंधळल्या असाव्यात. पायरीवर एक रिकामी घडीची खुर्ची, गंजलेल्या खिळ्यांचा ढीग, आणि दार बंद. त्यांनी पुन्हा थाप मारली. मात्रा निघालीच होती, पण आत्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला मागं सारलं. कागद छातीशी धरून ती दाराशी गेली, जड दार दुसऱ्या हातानं ओढलं आणि ते पुन्हा मिटू नये म्हणून त्याला पाठ लावून उभी राहिली.

"या," ती म्हणाली. "बाहेर का उभ्या? आत या."